घोड्याचं घराणं

आमच्याकडे घोडा घ्यायचा तर आधी त्याच्या आईबापाची नावं विचारतात. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा आहे. तिथल्या एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि पुढे कितीतरी दिवस घोड्यांचा बाजार चालतो. मारवाडी येतात, काठेवाडी येतात, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे येतात. गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दात बघतं. मग कपाळावरचा भोवरा, मानेवरचं देवमण. चारी पाय आणि तोंड पांढरं असलं तर पंचकल्याण म्हणून भाव जरा चढा. मग रेवाल चालीवर चालवून बघायचं. एवढं झालं तरी सौदा होत नाही. रुमालाखाली बोटं धरण्याआधी एक प्रश्न बाकी असतो. "येना बाप कोन? येनी माय कोन? कोना घरना शे?" विकणारा इथे अडखळला, की गिऱ्हाईक रुमाल झटकून पुढच्या घोड्याकडे जातं. चोरीचा असेल, खोडीचा असेल, रंग लावून काळा केलेला असेल. ज्याचं घराणं सांगता येत नाही तो घोडा फुकट दिला तरी दारात बांधू नये, असं माझे आजोबा म्हणत. आजोबांनी आयुष्यात दोनच घोडे घेतले, पण बोलायचे असे की जणू पागा आहे.

हीच रीत लाकडाच्या घोड्याला का लागू नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी पुतण्याबरोबर मुंबईतल्या एका दुकानात गेलो होतो. पुतण्या नाशकात बंगला बांधतोय. दिवाणखान्यात ठेवायला त्याला 'काहीतरी जुनं' हवं होतं. आमच्या घरातला जुना पाळणा, जुना कोठार, जुनी खाट त्याला नको होती, त्या गोष्टी त्याला जुनाट वाटतात. जुनं वेगळं आणि जुनाट वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. काचेच्या दारामागे, पिवळ्या दिव्याखाली, कमरेएवढा उंच लाकडी घोडा उभा होता. अंगावर विटकरी रंगाचे पोपडे, मधूनमधून पिवळा, एक कान तुटका, शेपटीच्या जागी नुसतं भोक. गळ्यात चिठ्ठी : आदिवासी घोडा, पश्चिम भारत, एकोणिसावं शतक. खाली किंमत, दोन लाख चाळीस हजार.

मी विचारलं, कुठून आला?

"सर, ट्रायबल पीस आहे. नंदुरबार बेल्ट."

बेल्ट! मी त्या बेल्टात जन्मलो. सहा तालुके आहेत : नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे आमच्या बोलण्यातलं धडगाव. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा काढलेला जिल्हा. शंभरातले जवळपास सत्तर लोक आदिवासी. पण 'आदिवासी' या नावाचा माणूस काही आम्हाला कधी भेटला नाही. भिल्ल भेटतात, पावरा भेटतात, मावची, कोकणा, धानका, तडवी भेटतात. बोली वेगळ्या, देव वेगळे, लग्नाच्या रीती वेगळ्या. सातपुड्यातल्या पावऱ्याला नवापूरच्या मावचीची बोली धड समजत नाही. मग हा घोडा यातल्या कुणाचा? मालक हसला. हसण्याचा अर्थ असा होता की असले प्रश्न विचारणारे लोक विकत घेत नसतात.

मी घोड्याभोवती एक फेरी मारली. पाठीवर खोगीर कोरलेलं होतं आणि खोगिराच्या मधोमध चौकोनी खाच होती, बोटभर खोल. पोटाच्या दोन्ही अंगांना लोखंडी कड्या होत्या, दोन पुढे, दोन मागे. मालक म्हणाला, ती खाच नंतर कुणीतरी पाडली असेल, दिवा-बिवा ठेवायला. दिवा! ती खाच देवाचा मुखवटा बसवायची आहे. मुखवट्याखाली लाकडी खुंटी असते, ती त्या खाचेत उतरते, म्हणजे मिरवणुकीत घोडा हलला तरी देव पडत नाही. आणि कड्यांमधून दोन दांडे जातात, चार माणसं खांद्यावर घेतात. खोगिराच्या कडेच्या खोबणीत हळदीसारखी पिवळी पूड अजून अडकलेली होती. ती हळदच, भंडारा. हा भिल्लांचा घोडा नव्हता, पावऱ्यांचाही नव्हता. खंडेरावाचं वाहन होतं ते. सपाटीवरच्या कुठल्यातरी शेतकरी गावातलं, आमच्यासारख्याच.

म्हणजे चिठ्ठीवरचा पहिलाच शब्द खोटा होता. तो का लिहिला, तेही सांगतो. 'आदिवासी' लिहिलं की भाव चढतो. आमच्याकडून दिवाळीनंतर ट्रकच्या ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात, गुजरातेत जातात. तिथे आदिवासी म्हटलं की मजुरी पाडून मागतात. माणूस आदिवासी असला तर त्याची किंमत कमी आणि वस्तू आदिवासी असली तर तिची किंमत जास्त, असा हा व्यवहार आहे. आणि त्या जास्तीच्या किमतीतला पैसा कुठल्याही आदिवासीच्या हातात जात नाही.

तो घोडा आमच्या गावचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल आता हरवलेला घोडा सापडल्याची गोष्ट येणार. आमच्या घोड्याचे दोन्ही कान शाबूत होते आणि मान जरा डावीकडे वळलेली होती. पण आमचाही एक होता, म्हणून मला खाच कळली.

आमचा घोडा शिवणीच्या लाकडाचा होता. शिवण हलकी आणि चिवट, कोरायला मऊ, आणि सागासारखी जड नाही, म्हणून चार माणसं तो गावभर फिरवू शकत. पाय वेगळे करून खुंट्यांनी बसवलेले. लाकडावर आधी चिंचोक्याच्या खळीनं जुनं धोतर चिकटवलेलं, त्यावर खडूचा थर, त्यावर रंग. चंपाषष्ठीच्या आधी आठ दिवस घोडा देवळातून सुताराच्या ओट्यावर यायचा. सुतार खुंट्या ठोकून घट्ट करायचा, भेगा भरायचा आणि मग रंग द्यायचा. माझ्या वडिलांच्या लहानपणी गेरू, हरताळ, काजळ आणि चुना, सगळं उकळलेल्या सरसात कालवून. माझ्या लहानपणी बाजारातून तेलरंगाचे डबे यायला लागले होते. डबा लाल मिळाला तर घोडा लाल, निळा स्वस्त मिळाला तर त्या वर्षी घोडा निळा. एका वर्षी ग्रामपंचायतीच्या पंपाच्या खोलीचा हिरवा रंग उरला होता, तर खंडेराव हिरव्या घोड्यावर बसून निघाले आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. शेपूट खऱ्या घोड्याच्या केसांची. चंपाषष्ठीनंतर नऊ दिवसांनी दत्तजयंती, म्हणजे आदल्या वर्षी सारंगखेड्याहून आणलेले केस पुढच्या वर्षी कामाला यायचे. यात्रेत घोडेवाल्याकडे मूठभर केस मागायचं काम आम्हा पोरांचं. रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला आया घोड्याच्या पोटाखालून तीनदा काढायच्या. मलाही काढलेलं आहे.

आता दुकानातल्या घोड्याचे पोपडे आठवा. दुकानदार त्या पोपड्यांवर हात फिरवून सांगत होता की मूळ रंग आहे, कुणी हात लावलेला नाही, म्हणूनच किंमत. गावात त्याच पोपड्यांचा अर्थ काय होतो? अर्थ असा की या घोड्याला कित्येक वर्षं कुणी रंग दिला नाही. सुतार मेला, किंवा गाव सोडून गेला, किंवा दोन भावक्यांत मानपानावरून भांडण होऊन मिरवणूकच बंद पडली. आमच्या लेखी जिवंत घोडा म्हणजे ताज्या रंगाचा घोडा. यांच्या लेखी ताजा रंग दिला की माल बिघडला. जेवढी वर्षं घोडा टाकून दिलेला, तेवढा तो महाग. आमच्या हेळसांडीला हे लोक भाव देतात, आणि आम्हीही ती हेळसांड मन लावून करत असतो.

कारण दुकानदारावर आरडाओरडा करायचा तर आधी गावाकडे बघायला पाहिजे. आमचा घोडा कुणी चोरून नेला नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात देवळाचा जीर्णोद्धार झाला. जीर्णोद्धार म्हणजे काय, हे खानदेशातल्या माणसाला सांगायला नको : जुन्या तुळया काढायच्या, स्लॅब टाकायचा, भिंतींना न्हाणीघराच्या फरश्या लावायच्या आणि राजस्थानातून संगमरवरी मूर्ती आणायच्या. खंडेरावांना संगमरवरी घोडा आला. तो पांढरा आहे, गुळगुळीत आहे, आणि चार काय, चाळीस माणसांनी उचलायचा म्हटला तरी गावातून फिरणार नाही. त्याला रंग द्यावा लागत नाही, म्हणून सुताराचं काम गेलं. शेपूट दगडाची, म्हणून पोरांचं काम गेलं. पोट चौथऱ्याला चिकटलेलं, त्याखालून मूल काढता येत नाही. लाकडी घोडा मागच्या खोलीत गेला, चुन्याच्या गोण्यांशेजारी. भर पावसाळ्यात एक टेम्पो आला. जुनं दार, दोन पितळी समया, चार कोरीव खांब आणि घोडा घेऊन गेला. मी तेव्हा तळोद्याला नोकरीत होतो, घरी आल्यावर कळलं. समितीची किर्द मी नंतर पाहिली. त्यात घोड्याचं नाव नाही. नोंद अशी : 'जुने लाकूड, रु. ७००.'

त्या एका ओळीवर माझा सगळा राग आहे. खंडेरावाचं वाहन किर्दीत 'जुने लाकूड' झालं आणि पुढे कुठल्यातरी शहरात 'आदिवासी घोडा' झालं असेल. मधलं नाव कुणीच लिहिलं नाही. गुरवाघरच्या म्हातारीनं पुढची चार वर्षं दर चंपाषष्ठीला समितीच्या लोकांना विचारलं, "घोडा कथा गया, भो?" तिला कुणी सांगितलं दुरुस्तीला गेलाय, कुणी सांगितलं नदीत सोडला. नदीत सोडला असता तरी मला एवढं लागलं नसतं. झिजलेली मूर्ती पाण्यात सोडायची आपली रीतच आहे.

कायदा काय म्हणतो तेही बघा. पुरातन वस्तू आणि कलासंपत्तीचा कायदा १९७२ चा, अमलात आला ५ एप्रिल १९७६ ला. शंभर वर्षं झालेली मूर्ती किंवा कलाकुसरीची वस्तू त्यात येते. तिचा धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि ती देशाबाहेर पाठवायचा अधिकार केंद्र सरकार आणि सरकारनं नेमलेल्या संस्था सोडून कुणाला नाही. पाठवली तर कमीत कमी सहा महिने कैद, जास्तीत जास्त तीन वर्षं. कागदावर चोख आहे. पण लाकडाचं वय काढणार कसं? गेल्या तीनशे-साडेतीनशे वर्षांतल्या लाकडाचं वय कार्बनच्या पद्धतीनं नेमकं सांगता येत नाही. आणि सांगता आलं तरी ते लाकडाचं वय, कोरल्याचं नव्हे. पडक्या वाड्याची तुळई काल कोरून आज घोडा केला, तर लाकूड दीडशे वर्षांचं आणि घोडा एका दिवसाचा. म्हणून गिऱ्हाइकापुढे घोडा एकोणिसाव्या शतकातला असतो, आणि साहेबासमोर ठेवायची वेळ आली की तोच घोडा नव्वद वर्षांचा होतो. सारंगखेड्यातले बेरकी व्यापारी कानशीनं दात घासून घोड्याचं वय कमी करतात. हे लोक तर वय हवं तसं दोन्ही बाजूंना सरकवतात.

तमिळनाडूतलं श्रीपुरंतान हे गाव बघा. तिथल्या देवळातला नटराज चोरीला गेला आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं पन्नास लाख डॉलरच्या वर मोजून तो न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर नावाच्या व्यापाऱ्याकडून घेतला. सोबत मालकीची कागदपत्रं होती, खोटी. २०१४ च्या सप्टेंबरात मूर्ती भारतात परत आली, आणि कपूरला २०२२ मध्ये कुंभकोणमच्या कोर्टानं दहा वर्षांची शिक्षा दिली. हे जमलं कशामुळे? पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेनं १९५० च्या दशकापासून तमिळ देवळांतल्या मूर्तींचे फोटो काढून ठेवलेले होते. फोटोतला नटराज आणि दालनातला नटराज शेजारी ठेवले, की बोलायला जागा उरत नाही. आमच्या घोड्याचा एकही फोटो नाही. लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाचे साठ फोटो आहेत, खंडेरावाच्या वाहनाचा एक नाही. उद्या तो कुठे दिसला आणि मी म्हटलं हा आमचा, तर पुरावा काय, डावीकडे वळलेली मान?

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. तो म्हणाला, "आम्ही नेलं नसतं तर वाळवीनं खाल्लं असतं, नाहीतर चुलीत गेलं असतं." खरं आहे. मागच्या खोलीत आणखी दोन पावसाळे काढले असते तर आमच्या घोड्याचा भुगा झाला असता. पण वाचवणाऱ्याला एक काम फुकटात करता येतं, ते म्हणजे वाचवलेल्याचं नाव लिहून ठेवणं. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दारं, दिवे, अडकित्ते, मूर्ती जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं पुण्यात संग्रहालय उभं केलं. तिथे आपल्या गावची समई बघून कुणी चिडत नाही, कारण ती विकायला ठेवलेली नाही आणि कुणाच्याही पोराला तिकीट काढून बघता येते. माझं भांडण जमवणाऱ्याशी नाही. गावाचं नाव पुसून जमवणाऱ्याशी आहे. आणि पुसण्यामागे हिशेब असतो. चिठ्ठीवर गाव लिहिलं तर त्या गावचा माणूस उद्या दारात उभा राहील, शिवाय पुढचा व्यापारी थेट त्या गावात जाईल.

दुसरं उत्तर असं असतं की, "त्यांनी स्वतःच विकलं, आम्ही काय जबरदस्ती केली?" त्यांनी म्हणजे कुणी? देवाचं वाहन समितीचं असतं का, सरपंचाचं, की ज्याच्या आजोबानं ते कोरलं त्या सुताराचं? आमच्याकडे विकलं ते तिघाचौघांनी, एका दुपारी, बाकी गाव निंदणीला गेलेलं असताना.

सातपुड्याच्या अंगाला तर याहून वाईट चालतं. भिल्ल पट्ट्यात देवाला मातीचे घोडे वाहायची चाल आहे. नवस फेडला की कुंभाराकडून घोडा आणून देवाच्या थानावर, झाडाखाली ठेवतात. पुढे तो तिथेच पावसात भिजतो, फुटतो, मातीला मिळतो. तो घोडा देवाला दिलेला आहे, परत घ्यायचा नाही आणि जपायचाही नाही. गाडीतून आलेला माणूस मात्र बघतो की इथे दोन-चार पडलेत, कुणाचे नाहीत, उचला. असला घोडा काचेच्या पेटीत ठेवलेला बघितला की मला देवळातली दानपेटी फोडल्यासारखं वाटतं. वाहिलेलं आणि टाकलेलं यातला फरक ज्याला कळत नाही, त्यानं लोककलेवर जाडजूड पुस्तकं विकत घेऊन काय उपयोग!

नर्मदेपलीकडे छोटा उदेपूरकडे राठवा लोक घराच्या भिंतीवर पिथोरा काढतात. भिंतभर घोडे. २०२३ मध्ये परेश राठवांना त्या कलेसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांत चित्रं आली होती, अनेकांना आठवत असतील. शहरातला माणूस म्हणतो, काय सुंदर घोडे! पण तिथे नुसता घोडा नसतोच. हा या देवाचा, तो त्या देवाचा. चित्र पुरं झालं की बडवा समोर उभा राहून एकेक घोडा ओळखतो, आणि काही चुकलं असेल तर काढणाऱ्या लखाऱ्याला सांगतो. ओळख पटल्याशिवाय चित्र पुरं धरत नाहीत. सारंगखेड्याला जे दात बघून करतात तेच इथे भिंतीपुढे करतात. घोडा म्हटला की कोणाचा, हे आधी.

आपल्या खानदेशातही लाकडी घोडा कामावर असलेला बघायचा असेल तर जळगावला जा. १८७२ पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, त्याआधीचे दिवस वाहनं निघतात. त्यातला घोडा कुणी विकत मागून बघावा! अख्खं जळगाव अंगावर येईल. तिथे चाकाला मोगरी लावायचा मान कोणत्या घराचा, हेही लोकांना तोंडपाठ आहे. एवढी माणसं ज्याला ओळखतात त्या लाकडाची चिठ्ठी बदलता येत नाही.

नकली घोड्यांबद्दल मी फार लिहीत नाही. जोधपूरकडे नवं लाकूड जुनं करून द्यायचे कारखानेच आहेत, आणि ते उघड सांगून विकत असतील तर माझी काही तक्रार नाही. कारागिराला काम मिळतं. तक्रार एवढीच की कारागिराचं नाव तिथेही नाही. जुन्याला गाव नाही आणि नव्याला सुतार नाही. वीस हजाराचा मोबाईल कुठे बनला ते पाठीवर छापलेलं असतं.

मग करायचं काय? विकत घेणाऱ्यांनो, तुमच्याशी बोलतोय. दिवाणखान्यात घोडा जरूर ठेवा, पण सारंगखेड्याचे तीन प्रश्न विचारा : कोणत्या गावचा, कोणत्या देवाचा किंवा घरचा, आणि गावातून कुणी, कधी, किती पैशाला दिला. उत्तर 'बेल्ट' असं आलं तर रुमाल झटका. माझ्या पुतण्यानं झटकला. माझ्या सांगण्यावरून नव्हे, दोन लाख चाळीस हजार त्याला जड वाटले म्हणून, पण झटकला. आणि नवा हवा असेल तर गावच्या सुताराला सांगा. तो करेल, पोटावर नाव कोरेल आणि त्याच्या पोराला शहादा-दोंडाईच्याला फर्निचरच्या दुकानात प्लायवूड कापत बसावं लागणार नाही.

गावातल्या माणसाचं काम याहून सोपं आहे आणि आपण तेच करत नाही. आम्ही तिघा निवृत्त मास्तरांनी दोनशे पानी वही केली आहे. आसपासच्या गावांत जायचं, देवळाच्या मागची खोली उघडायला लावायची, जे असेल त्याचे चारी बाजूंनी फोटो काढायचे आणि लिहून घ्यायचं : लाकूड कोणतं, उंची किती, कुठे भेग आहे, कुणी केलं, कुणी शेवटचा रंग दिला, कुणाच्या खांद्याचा मान. नऊ गावं झाली. त्यात तीन घोडे निघाले, एक हत्ती आणि एक बिनशेपटीचा वाघ. एका गावात समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला घ्यायचाय का? सांगून टाका, किती देता?" आम्ही नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. शेवटी म्हणाले, मग फोटो कशाला? जुन्या वस्तूकडे येणारा माणूस विकतच घ्यायला येतो, इतका हा धंदा आमच्या दारापर्यंत पोचला आहे. दुसऱ्या गावात एका म्हातारबांनी आम्हाला घोड्याच्या छातीवरचा रंग नखानं खरवडून दाखवला. लाल, खाली निळा, खाली पुन्हा लाल, खाली पिवळा. पिवळ्याला थांबून म्हणाले, "हाऊ मन्हा बापना हातना." मी वहीत लिहिलं, पिवळा थर, आणि त्यांच्या वडिलांचं नाव.

आमच्या स्वतःच्या गावात मी लाकडी घोडा पुन्हा करायचा विषय काढला आहे. त्या जुन्या सुताराचा नातू आहे, तो दारं-चौकटी करतो, घोडा त्यानं कधी केलेला नाही. मजुरीचे अठरा हजार म्हणाला, लाकूड वेगळं. समितीतल्या अर्ध्या लोकांचं म्हणणं आहे की संगमरवरी असताना लाकडी म्हणजे मागे जाणं. बाकीच्या अर्ध्यांचं भांडण रंगावर आहे, पांढरा की अबलख. गेल्या बैठकीत रात्री अकरापर्यंत तेच चाललं आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. नातवानं मध्येच मला बाजूला घेऊन विचारलं, "गुरुजी, मान डावीकडं वळेल व्हती ना?" मी हो म्हटलं. शिवणीचा ओंडका त्यानं महिन्यापूर्वीच आणून गोठ्याच्या सावलीत वाळत टाकला आहे. पैसे अजून कुणी दिलेले नाहीत.